वेल्डिंग कुठे थांबावे

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचा जयसिंगपूरचा टप्पा ट्रॅक्टरांच्या ताब्यात जातो. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि हे सगळे लटांबर एकत्र धरून असते ते मुठीत मावेल एवढे लोखंड: एक हुक आणि त्यातून आरपार गेलेली पिन. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या या आखीव गल्ल्यांच्या पेठेत विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, तेव्हा टनाच्या दरावर घसा कोरडा होईपर्यंत बोलले जाते. तो टन ज्या हुकावर ओढला जातो, त्याची चर्चा मात्र फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर फारशी जात नाही. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत अशी शेड शोधत हिंडावे लागत नाही. ट्रॉलीचा पत्रा बदलणे, तुटलेला दांडा सांधणे, नांगराला पट्टी मारणे ही तिथली रोजची कामे. साहजिकच आपल्या पिकअपला मागे हुक बसवावा असे एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा नर्सरीवाल्याच्या मनात आले, की त्याची पावले याच शेडकडे वळतात.

गरज खोटी नाही. फवारणीचा ब्लोअर, पाण्याची टाकी, जनरेटर, रोपांचे क्रेट, पुराच्या दिवसांत एखादी बोट, असे कितीतरी सामान दोन चाकांच्या लहान ट्रेलरवर नेता येते आणि पिकअपचा हौदा दुसऱ्या मालासाठी मोकळा राहतो. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात अशा गाडीसाठी त्या त्या मॉडेलच्या मापाचा तयार हुक दुकानात मिळतो. आपल्याकडे पिकअपमागे ट्रेलर लावण्याची सवयच नसल्यामुळे तो सहज मिळत नाही. मग चॅनेलचा तुकडा, जाड पट्टी, गॅसकटरने कापलेली प्लेट आणि एक गोळा किंवा पिनचा कान एवढ्यावर काम होते. दोन तासांत हुक तयार होतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गाडी मागे घेऊन तो चासीला वेल्डिंगने चिकटवला जातो. माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या पंधरा मिनिटांवर. हुक गावात बनवण्यात गैर काही नाही. हाताला कसब आहे आणि लोखंडही चांगले मिळते. पण वेल्डिंगचे काम टेबलावरच संपले पाहिजे. तयार हुक गाडीला जोडताना फक्त नट-बोल्ट वापरावेत, चासीवर ठिणगीही पडू देऊ नये.

हे म्हणणे पटण्यासाठी आधी हुकावर जोर किती येतो ते पाहू. लोकांचा अंदाज असा असतो की दीड टनाचा ट्रेलर म्हणजे हुकावर दीड टन. खरे तर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात ट्रेलर ओढायला फार कमी जोर लागतो. जोर वाढतो तो गाडी सुटताना, ब्रेक मारताना आणि खड्ड्यात आपटताना. वाहनांच्या जोडणीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा ५५ क्रमांकाचा नियम आहे. त्यात यासाठी एक सोपे गणित दिले आहे: ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांच्या वजनांचा गुणाकार करा आणि त्याला त्यांच्या बेरजेने भागा. भरलेली पिकअप ३ टन आणि ट्रेलर १.५ टन धरला तर उत्तर येते १ टन. म्हणजे पुढे-मागे सुमारे एक टनाचा हिसका सोसेल अशी जोडणी हवी. आता साध्या वेल्डिंगची ताकद पाहा. ६ मिलिमीटरचा आणि १० सेंटिमीटर लांबीचा चांगला बेड, म्हणजे वितळून भरलेल्या धातूची ओळ, सुरक्षिततेसाठी भरपूर हात राखून हिशेब केला तरी, साडेचार टनांच्या आसपास स्थिर भार पेलतो. १२ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा एकच हायटेन्साइल बोल्ट पाच टनांपर्यंतची ओढ कायमचा न ताणता सहन करतो. हे आकडे पाहून वेल्डर म्हणतो, ‘हत्ती बांधा, तुटणार नाही.’ आणि उभ्या हत्तीपुरते त्याचे म्हणणे बरोबर असते.

गडबड दोन ठिकाणी होते. पहिली तरफेची. ट्रेलरचा दांडा जमिनीशी समांतर राहावा म्हणून हुक चासीच्या बराच खाली लोंबत ठेवावा लागतो. तो २० सेंटिमीटर खाली असेल आणि चासीला टेकलेली प्लेट जेमतेम १० सेंटिमीटर लांब असेल, तर खालच्या एक टनाच्या हिसक्याचे प्लेटच्या दोन टोकांना दोन-दोन टन होतात, एका टोकाला उपटणारे आणि दुसऱ्या टोकाला दाबणारे. वर ट्रेलरच्या दांड्याचे उभे ओझे असतेच. दुसरी गडबड मोजण्याची. स्थिर भाराचे गणित एका हिसक्याचे असते, आणि रस्ता एकच हिसका देऊन थांबत नाही. दर दहा मीटरला एक धक्का धरला तर पन्नास किलोमीटरच्या फेरीत पाच हजार धक्के झाले, चारशे फेऱ्यांत वीस लाख. हा आकडा मुद्दाम घेतला आहे. त्याच ५५ क्रमांकाच्या नियमात जोडणीची चाचणी होते ती वीस लाख वेळा पुढे-मागे ओढूनच. लोखंडाची तार एका झटक्यात तुटत नाही, पण इकडून तिकडे वाकवत राहिले की तुटते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हुकाचेही तसेच होते. धातूच्या या थकव्याची किंमत जगाने फार पूर्वी मोजली आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन दाखवून दिले, की एका दमात जेवढा भार लोखंड सहज सोसते, त्याच्या अंशानेही ते मोडू शकते; फक्त तो भार पुन्हा पुन्हा आला पाहिजे.

थकव्याची सुरुवात जिथे आधीच बारीक खाच आहे तिथून होते, आणि वेल्डिंगचा बेड म्हणजे अशा खाचांची रांग. बेड जिथे संपतो आणि मूळ पत्रा सुरू होतो त्या रेषेवर लोखंड किंचित खाल्लेले असते, स्लॅगचा कण अडकलेला असतो, आणि वितळून आटलेल्या धातूने शेजारच्या पत्र्याला आतून कायमचा ताण दिलेला असतो. बाहेरून ग्राइंडर मारून, रंग देऊन सगळे गुळगुळीत दिसते. म्हणूनच थकव्याच्या बाबतीत ‘आणखी भारी पोलाद वापरू’ हा उपाय वेल्डिंगला लागू पडत नाही. भारी पोलादातही बेडच्या कडेची खाच तीच आणि तेवढीच राहते. उपयोग होतो तो ताण कमी करण्याचा. वेल्डिंग केलेल्या जोडावर येणारा ताणाचा चढउतार निम्मा केला, तर त्याचे आयुष्य सुमारे आठपट होते. याचे सगळ्यांत विदारक उदाहरण समुद्रातले आहे. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेजवळ ‘अलेक्झांडर कीलँड’ नावाचा तरंगता तळ वादळात उलटला आणि त्यावरच्या २१२ पैकी १२३ माणसांचा जीव गेला. चौकशीत आढळले, की एका मुख्य तिरक्या नळीला ध्वनियंत्र बसवण्यासाठी एक आधार वेल्डिंग केला होता आणि त्याच्या ६ मिलिमीटरच्या बेडपासून चीर सुरू झाली होती. त्या आधारावर तळाचा कसलाही भार नव्हता. तो फक्त भार वाहणाऱ्या भागाला वेल्डिंगने चिकटवलेला होता, आणि त्याने त्या भागालाच पोखरले.

पिकअपच्या चासीचे नेमके असेच होते. चासीला वेल्डिंग केलेला हुक तुटला, तर ट्रेलर सुटतो. पण हुक न तुटता त्याच्या बेडपासून निघालेली चीर चासीत शिरली, तर गाडीचा कणाच जातो, आणि तोही ट्रेलर नसलेल्या दिवशी, हौद्यात माल भरून घाट उतरताना. आजच्या अनेक गाड्यांच्या चासीचे पोलाद साध्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त ताकदीचे असते. ही ताकद कारखान्यात ठराविक तऱ्हेने लाटून आणि थंड करून आलेली असते, आणि शेडमधल्या आर्कची उष्णता बेडच्या आसपासच्या पट्ट्यात ती बिघडवू शकते. शिवाय चासीलगतच ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, कधी डिझेलची टाकी असते. मशीनची अर्थिंग चिमटी भलतीकडे लावली तर विजेचा प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जातो, बॅटरीची वायर काढली नसेल तर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्याला धोका पोहोचतो. हे सगळे टाळण्याची युक्ती महागडी नाही. हुकाची आडवी बीम, तिच्या दोन टोकांच्या प्लेटा, कोपऱ्यातले त्रिकोणी आधार, हे सारे टेबलावर चौकोनात पकडून, उलटसुलट फिरवून, प्रत्येक बेड आडवा ठेवून वेल्डिंग करावे. गाडीखाली पाठीवर झोपून, डोक्यावर ठिणग्या झेलत मारलेल्या बेडपेक्षा तो बेड चांगला होणारच. तयार हुक मग चासीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन-चार बोल्टांनी जोडावा. प्लेट १० ऐवजी ४० सेंटिमीटर लांब ठेवली तर मघाचे दोन टन अर्ध्या टनावर येतात.

बोल्ट कुठे मारायचे, यातही शहाणपण लागते. चासीचा चॅनेल वाकतो तेव्हा सगळ्यांत जास्त ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या ओठांवर येतो, मधल्या उभ्या पोटावर कमी. म्हणून भोक पोटात पाडावे, ओठाला ड्रिल लावू नये. कंपनीने आधीच ठेवलेली भोके सापडली तर ती आधी वापरावीत. चासी पेटीच्या आकाराची असेल तर बोल्ट आवळताना दोन्ही पत्रे आत दबू नयेत म्हणून मध्ये नळीचा तुकडा, म्हणजे बुश, घालावा. भोक ड्रिलने पाडावे, गॅसकटरने नव्हे. गॅसने कापलेल्या भोकाची कड खडबडीत असते आणि ती कड म्हणजे पुन्हा तीच खाच.

आता हरकती. पहिली आणि सगळ्यांत वजनदार हरकत ऊसपट्ट्यातूनच येते: ट्रॉल्यांचे हुक आणि दांडे वर्षानुवर्षे वेल्डिंगवरच चालतात, तेही पिकअपच्या ट्रेलरच्या कितीतरी पट ओझे घेऊन, मग इथेच एवढी भीती का? मुद्दा खरा आहे, पण त्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची गल्लत होते. वेल्डिंग असते ते ट्रॉलीच्या दांड्याला. ट्रॅक्टरचा हुक कंपनीने मागच्या जाड ओतीव घराला बोल्टने जोडून दिलेला असतो, तोही आसाच्या जवळ आणि खाली, जोर कसा येणार याचा विचार करून. जी शिस्त मी पिकअपसाठी मागतो आहे ती ट्रॅक्टरच्या बाजूला आधीपासूनच आहे. दुसरा फरक वेगाचा. उसाने भरलेला ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालतो, पिकअप साठने. वेग तिप्पट झाला की गतीतली ऊर्जा नऊपट होते, आणि सुटलेला ट्रेलर ही सगळी ऊर्जा घेऊन समोरच्या दुचाकीवर जातो. तिसरी गोष्ट अशी की ट्रॉलीचा दांडा हंगामात पुन्हा पुन्हा शेडमध्ये येतो, चीर दिसली की सांधला जातो. तो टिकतो यामागे वेल्डिंगची ताकद आहे तशी ही सततची डागडुजीही आहे. पिकअपखाली कोण वाकून पाहतो?

दुसरी हरकत अशी, की बोल्ट ढिला होतो, वेल्डिंग ढिले होत नाही. पहिले अर्धे वाक्य खरे आहे. बोल्ट जोड धरतो तो आवळल्यामुळे येणाऱ्या दाबावर. दोन पत्रे एकमेकांवर इतके घट्ट बसले पाहिजेत की हिसक्याचा बराचसा भार त्यांच्यातले घर्षणच घेईल. अंदाजाने पाना मारला, मध्ये रंगाचा जाड थर राहिला, तर तो दाब उतरतो. म्हणून दर्जा कोरलेला हायटेन्साइल बोल्ट, लॉकनट आणि टॉर्क पाना हा खर्च टाळू नये, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळून घ्यावे. पण हरकतीच्या दुसऱ्या अर्ध्यातच तिचे उत्तर आहे. वेल्डिंग ढिले होत नाही म्हणजे ते इशारा देत नाही. चीर रंगाखाली केसाएवढी वाढत राहते आणि शेवटी एकदम फाटते. बोल्ट ढिला होताना खडखडतो, गंजाची तांबडी रेघ सोडतो, हाताला लागतो. सुरक्षेच्या हिशेबाने जो जोड आधी कुरकुर करतो तो मुक्याने तुटणाऱ्या जोडापेक्षा भला.

तिसरी हरकत वेल्डरच्या अभिमानाची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही: ‘हात चांगला असेल तर चासीवरचे वेल्डिंगही कंपनीसारखेच होते.’ कंपनीही चासीच्या काही भागांवर वेल्डिंग करतेच. मात्र ते कुठे करायचे हे आधी ठरलेले असते, पत्रा कोरा असतो, उष्णता मोजलेली असते, आणि तशा चासीच्या थकव्याच्या चाचण्या होऊन मग गाडी रस्त्यावर येते. शेडमधल्या हाताला यातले काहीच मिळत नाही. गाडी आधीच रंगलेली, तेलकट, गंजलेली आणि भार घेऊन उभी असते. म्हणजे हाताच्या कसबावर शंका नाही, त्याला दिलेल्या जागेवर आहे. टेबलावर त्याच कसबाचे सोने होते. तिथे २०६२ मानकाची प्लेट घेता येते, जाड जोडांना साध्या ६०१३ रॉडऐवजी कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड वापरता येतो. हा रॉड दमट हवा खातो आणि त्यातला ओलावा बेडमध्ये हायड्रोजन सोडून आतून चीर पाडतो. शिरोळसारख्या पुराच्या तालुक्यात पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा उन्हात वाळवून भागत नाही. तो भट्टीत तीनशे अंशांच्या वर तापवावा लागतो. बेड झाल्यावर लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरने चीर तपासता येते. या चाचणीला यंत्रही लागत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र हुकाला वापरू नये. त्याची जाडी कमी असते, आणि जळत्या जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो.

चौथी हरकत कायद्याची, आणि ती माझ्याच बाजूने मलाच अडवणारी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ट्रेलर ही तर कायद्याने स्वतंत्र नोंदणीची वस्तू. मग बोल्ट की वेल्डिंग हा वाद कशाला? बोल्टचा हुक आपोआप कायदेशीर ठरत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. सार्वजनिक रस्त्यावर नेण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांना विचारावेच लागेल. पण विचारायला जाताना बोल्टचा हुक घेऊन गेलेला माणूस माप, बोल्टचा दर्जा आणि प्लेटची जाडी कागदावर दाखवू शकतो, आणि उत्तर ‘नाही’ आले तर तासाभरात तो काढून गाडी मूळ रूपात आणू शकतो. वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडरने खरवडलेली चासी उरते. शेतातल्या खाजगी वाटेवर ट्रेलर ओढणाऱ्यालाही चासी तेवढीच प्यारी असते.

हुक चांगला झाला तरी काम तिथेच संपत नाही. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर टेकावा असा भार लावायचा असतो. माल मागच्या बाजूला जास्त झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलू लागतो. १.५ टनाच्या ट्रेलरचे १५० किलो हुकावर आले, हुक मागच्या आसापासून १.२ मीटर मागे असला आणि दोन आसांत ३ मीटर अंतर असले, तर पुढच्या चाकांवरचे ६० किलो ओझे कमी होते आणि मागच्यांवर २१० किलो वाढते. हौद्यात माल भरावा तो हे २१० किलो धरूनच. दोन साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या टाकाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर हवेतच. रात्री अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी या भागाला हा धडा वेगळा शिकवायला नको.

खरे तर सुटा जोड ही आपल्याकडची नवी कल्पना नाही. बैलगाडीचे जू धुरीला खिळ्यांनी ठोकत नाहीत, नाड्याने बांधतात. हिसका बसला की नाडा ताण घेतो, झिजला की बदलतो, आणि गरज पडली की गाठ सोडून बैल मोकळे करता येतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच भागात लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. लोखंडी नांगराचा फाळही बोल्टनेच बसतो, कारण तो झिजणार हे गृहीत धरलेले असते आणि त्याच्यासाठी अख्खा नांगर टाकायचा नसतो. जो भाग झिजणार किंवा थकणार तो सुटा ठेवायचा, आणि जो टिकवायचा त्याला हात लावायचा नाही, ही रीत शेतकऱ्याच्या ओळखीचीच आहे. पिकअपमध्ये टिकवायची वस्तू चासी, थकणारी वस्तू हुक. शेडमधल्या कारागिराला द्यायची सूचना म्हणूनच साधी आहे: हुक टेबलावर पुरा करा, चासीला बोल्टने जोडा, आणि शेवटी प्रत्येक नट आणि प्लेट यांच्यावरून आडवी अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटते. रोज सकाळी गाडी काढताना खाली वाकून तेवढी रेघ पाहायची.